तारेची घासणी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना गेरआयमर आहे. शब्द ऐकून बिचकू नका. ज्या बादलीत बिअर आंबते तिला जर्मनीत गेरआयमर म्हणतात. "म्हणजे बादलीच की!" असं तुमच्यापैकी कोणीतरी आत्ताच म्हणालं असेल. खुशाल म्हणा. पण बादलीत लोक फरशीचं फडकं पिळतात, आणि माझ्यात तसं करायची आजवर कोणाची छाती झालेली नाही. मला घट्ट बसणारं झाकण आहे, झाकणाला भोक आहे, त्या भोकात पाणी भरलेली वाकडी नळी बसते आणि पोटाच्या खालच्या अंगाला एक निळा नळ आहे. एवढा साज कुठल्या बादलीला असतो, ते मला सांगा.

माझ्यात जे बनतं ते मोठं झाल्यावर प्यायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. गोष्ट ऐकायला मात्र वयाची अट नाही.

माझा जन्म कारखान्यातला. प्लॅस्टिकचे पांढरे दाणे वितळवून मला साच्यात ओतलं आणि अंगावर खालपासून वरपर्यंत लिटरच्या रेघा छापल्या. तिथून मी कायझर्सलाउटर्नच्या एका दुकानात आलो आणि दुकानातून हेर शेफर यांच्या घरी. 'हेर' म्हणजे श्रीयुत. हेर शेफर शिलाई मशीनच्या कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. उंच, किरकिरे आणि कमालीचे स्वच्छ. दुकानात त्यांनी चार बादल्यांवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं, आवाज ऐकला आणि मला निवडलं. ही टकटक पुढे त्यांची सवयच झाली. मला हात लावायच्या आधी दोनदा टकटक, मगच काम.

बिअर मुळापासून करायची तर जव भिजवा, त्यांना मोड आणा, ते वाळवा, भरडा, गरम पाण्यात तासन्‌तास ठेवा, असा खटाटोप असतो. हेर शेफरांच्या स्वयंपाकघरात तेवढी जागा नव्हती. ते माल्ट एक्स्ट्रॅक्टचे डबे आणत. मोड आलेल्या जवाचं गोड पाणी आटवून आटवून केलेला हा पाक असतो. डबा गरम पाण्यात ठेवून पाक सैल करायचा, मोठ्या पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडायचा, वरून हॉप्सची कडू फुलं टाकायची. मग ते सगळं थंड करून, गाळून माझ्यात ओतायचं, यीस्ट भुरभुरायचं आणि झाकण लावायचं. स्वतःला पक्के बिअरवाले म्हणवणारे काही लोक याला नाक मुरडतात. डबा काय, कोणीही फोडेल, म्हणतात. मी म्हणतो, फोडा ना! पातेलं उतू न जाऊ देता एकदा करून तर दाखवा.

यीस्ट पडलं की माझं काम सुरू होतं. दुसऱ्या दिवशी झाकणावरची नळी बोलू लागते. गुडुक... गुडुक... हा आवाज ऐकायला शेजारपाजारचे लोक तळघरात उतरत. त्या इमारतीत दर जूनमध्ये हॉफफेस्ट असतो, म्हणजे मागच्या अंगणात सगळे बिऱ्हाडकरू बाकं टाकून एकत्र जेवतात. तिथली बिअर वर्षानुवर्षं माझ्यातली. लोक पहिला घोट घ्यायचे आणि हेर शेफरांकडे बघून मान डोलवायचे. ते म्हणायचे, "मला काय सांगता, त्याला सांगा," आणि माझ्याकडे बोट दाखवायचे. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. मला धुताना हेर शेफर हातातलं घड्याळ काढत, बोटातली अंगठी काढत, आणि गरम पाण्यात मऊ फडकं बुडवून हलक्या हाताने पुसत. कारण माझ्या आतल्या अंगाला एक जरी ओरखडा पडला, तरी त्या फटीत जंतू घर करतात. मग वरून कितीही धुवा, ते आतच बसून राहतात आणि पुढची बिअर आंबट करतात.

पुढे हेर शेफरांची पाठ गेली. भरलेलं पातेलं उचलणं बंद झालं, आणि मी तळघरात स्की आणि फाटक्या गादीच्या मध्ये जाऊन बसलो. दोन हॉफफेस्ट विकतच्या बिअरवर झाले. मी वरून येणारी गाणी ऐकत होतो. वाईट वाटलं. पण मी हिंमत सोडली नाही, कारण माझं झाकण घट्ट होतं आणि आतून मी स्वच्छ होतो.

मग तिसऱ्या मजल्यावर अनुप आणि मैत्री राहायला आले. दोघं नागपूरकडचे. अनुप सॉफ्टवेअर कंपनीत, आणि मैत्री एका संशोधन संस्थेत प्लॅस्टिकच्या पृष्ठभागांचा अभ्यास करणारी. अनुप जिन्यात सगळ्यांना 'हालो' म्हणायचा, सगळे त्याला 'हालो' म्हणायचे आणि गाडी तिथेच थांबायची. एकदा सायकल ठेवायला तो तळघरात आला, त्याने मला पाहिलं आणि हेर शेफरांना विचारलं, "हे काय आहे?" या प्रश्नाचीच तर वाट बघत होते ते! तासभर बोलत राहिले. शेवटी माझ्या अंगावर टकटक करून त्यांनी मला अनुपच्या हातात दिलं आणि बजावलं, "मऊ फडकं. फक्त मऊ फडकं."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं अनुप म्हणाला. आणि ही गोष्ट त्याने घरात कोणालाही सांगितली नाही.

त्याची पहिली बिअर बरी झाली, दुसरी छान झाली. हेर शेफरांनी जिन्यात भेटेल त्याला सांगून टाकलं, की यंदा हॉफफेस्टला आमचा गेरआयमर परत येतोय, अनुप बिअर करतोय. आता जिन्यात लोक 'हालो'वर थांबेनात. "काय अनुप, कुठवर आलं?" असं विचारू लागले. अनुपची मान ताठ झाली. माझी तर होतीच.

याच सुमारास अनुपची आई, गयाबाई, तीन महिन्यांसाठी आल्या. रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून त्या पंचशील म्हणत. पाचवं शील मादक पेयांपासून दूर राहण्याचं. त्यामुळे अनुपने स्वयंपाकघरातल्या डब्यांविषयी गोलमोल सांगितलं. "जवाचं सत्त्व आहे, आई. हेल्दी असतं."

गयाबाईंनी उघड्या डब्यात चमचा बुडवून चाखला. "काकवी आहे ही. गोडी जरा कमी." मग कोपऱ्यातल्या रिकाम्या बाटलीचा वास घेतला आणि मुलाकडे पाहिलं. "मला काय कुक्कुलं बाळ समजतोस? बिअर करतोस ना?"

अनुपने आईच्या हातातली बाटली घेतली आणि "हो" म्हणाला.

"मी घेत नाही. तुझ्या बाबांनीही जन्मात घेतली नाही. पण शील ज्याचं त्यानं घ्यायचं असतं, दुसऱ्याच्या गळ्यात नाही घालता येत. तुझं तू बघ. फक्त माझ्याशी खोटं नको बोलू."

मित्रांनो, मला त्या तिथेच आवडल्या.

पण त्या घरात गयाबाईंना करायला काही नव्हतं. भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन धुवायचं, घर झाडायलाही एक गोल यंत्र जमिनीवरून फिरायचं. त्या उठल्या की मैत्री प्रेमाने म्हणायची, "आई, तुम्ही बसा हो." बसून बसून त्या कंटाळल्या. मग एके दिवशी दोघं कामावर गेली असताना त्यांनी मला पाहिलं. अनुपने मला दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी फळीवरून खाली काढून ठेवलं होतं. माझ्या आत वरच्या रेघेपाशी हॉप्सचं एक जुनं पिवळट वर्तुळ होतं. मी ते पदकासारखं मिरवायचो. त्यांना तो मळ वाटला.

"काहून रे बापा, एवढी मळकी ठेवली?" असं म्हणत त्यांनी मला न्हाणीघरात नेलं. आणि बॅगेतून काढली नागपूरहून आणलेली तारेची घासणी. इथल्या मऊ घासण्यांना त्या 'फुलं' म्हणत.

मी ओरडू शकत नाही. त्यांनी पदर खोचला आणि मला आडवं पाडून घासायला घेतलं. तळ घासला, कडा घासल्या, झाकणाची खोबण घासली. नळसुद्धा पिळून बाहेर काढला, त्याचं रबरी चाक सोडवलं, त्यामागचा काळपट थर नखाने खरवडला आणि पुन्हा सगळं जिथल्या तिथे बसवलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या हातांना काम मिळालं होतं. घासता घासता त्या माझ्याशी बोलू लागल्या.

"आमच्या शाळेत असंच नळाचं पिंप होतं. जस्ताचं. बाकीची पोरं स्वतः नळ फिरवून पाणी प्यायची. आमच्या वस्तीतल्या पोरींनी दूर ओंजळ धरून उभं राहायचं, मग शिपाई वरून ओतायचा. तो जागेवर नसला, की तहान घेऊनच घरी. एवढासा नळ, पण कसा फिरतो ते बघायची मला फार हौस होती बघ."

त्यांनी माझा नळ फिरवला. उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मग मला कोरड्या कापडाने पुसून खिडकीपाशी उन्हात ठेवलं. मी बाहेरून लखलखत होतो आणि आतून हजार ठिकाणी सोललेला होतो. राग आला का, म्हणाल, तर आला. पण त्या माउलीवर धरून ठेवता येईना.

संध्याकाळी अनुपने मला पाहिलं आणि खूश झाला. "वा, आई! एकदम नवीन दिसतोय." आत हात फिरवून पाहायचं त्याला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यात हॉफफेस्टची बिअर घातली. नळी बोलू लागली, सगळे आनंदात होते. जंतूंचं मात्र मला पहिल्या दिवसापासून जाणवत होतं. बिअर बाटल्यांत भरली गेली, बाटल्या तळघरात मुरायला गेल्या. मी काय करणार?

हॉफफेस्ट शनिवारी. त्याच्या आधीच्या रविवारी अनुपने चव बघायला एक बाटली उघडली. फेसाचा फवारा थेट छताला! उरलेल्याचा त्याने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. आंबटढाण. दुसरी उघडली, तीही तशीच. तिसरी त्याने सिंकवर धरून उघडली. मग मला जवळ ओढलं, आतून हात फिरवला आणि त्याचा चेहरा उतरला.

"आई, हा कशाने घासला होतास?"

गयाबाईंनी तारेची घासणी दाखवली.

"सगळी बॅच गेली. आता नवीन करायलाही वेळ नाही. पूर्ण बिल्डिंग वाट बघतेय माझी!" आणि मग जे बोलू नये ते तो बोलून गेला. "तुला पहिल्यापासून हे नकोच होतं. मुद्दाम केलंस का?"

गयाबाईंनी घासणी ओट्यावर ठेवली, हात धुतले. आत जाताना मैत्रीला म्हणाल्या, "आधीच्या तारखेचं तिकीट मिळतं का बघ, पोरी. मी जाते."

मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो, आणि एक अक्षर बोलता येत नव्हतं. अशा वेळी तोंड नसल्याचा फार संताप येतो.

मैत्रीने तिकीट शोधलं नाही. तिने मोबाइलचा टॉर्च लावला आणि माझ्यात डोकं घातलं. ओरखडे बघणं हा तर तिचा रोजचा धंदा. बराच वेळ ती आत प्रकाश फिरवत राहिली. मग तिने माझा नळ काढला आणि उजेडात धरला.

"अनुप, इकडे ये. हे रबर बघ. किती स्वच्छ आहे! तू कधी काढलं होतंस हे?"

"ते... निघतं?"

"हो, निघतं. आणि आईंनी ते काढून, मागचं सगळं साफ करून परत बरोबर बसवलंय. झाकणाची खोबणसुद्धा सोडलेली नाही. मुद्दाम बिघडवायला आलेलं माणूस नळामागचा मळ काढत बसेल का रे? हा राग नाही, अनुप. ही माया आहे. हा कसा धुवायचा ते हेर शेफरांनी तुला सांगितलं असेलच ना? मग तू कोणाला सांगितलंस?"

अनुपने तिच्या हातातला नळ घेऊन माझ्यात बसवला. मग आत गेला. दार उघडंच होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"आई, चुकलं माझं. सांगायचं मी विसरलो आणि खापर तुझ्यावर फोडलं. जाऊ नकोस ना."

मग गयाबाई म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याला सांगितलंस?"

"अजून नाही. कसं सांगू?"

"खरं सांग. आणि ती काकवी उरली आहे ना एक डबा?"

हेर शेफरांना सांगायला अनुप मला घेऊन खाली गेला. त्यांनी आतून बोट फिरवलं, डोळे मिटले. मग म्हणाले, की यात आता बिअर नाही होणार, कधीच नाही. एवढ्यात मागून गयाबाई आणि मैत्री आल्या. गयाबाईंचं लक्ष खिडकीबाहेर होतं. हेर शेफरांच्या बागेत लाल देठांची, मोठ्या पानांची झुडपं माजली होती. इथे त्याला रबार्बर म्हणतात. गयाबाईंनी बाहेर जाऊन एक देठ मोडून आणला आणि चाखला.

"अनुप, ही तर आपल्या अंबाडीची मोठी बहीण! याचं पन्हं करू. काकवी घालून."

"देठच घ्या हं, आई," मैत्री घाईने म्हणाली. "पानं विषारी असतात."

"आणि ते तुझं यीस्ट नको टाकू," गयाबाई अनुपला म्हणाल्या. "मग मलाही चालेल, पोरांनाही चालेल."

शुक्रवारी त्या घरात कोणी गयाबाईंना 'बसा' म्हणालं नाही. देठ उकडले, कुस्करले, गाळले. माल्टचा डबा गरम पाण्यात ठेवून सैल केला आणि तो पाक त्यात सोडला. वेलदोडा, चवीपुरतं मीठ. हेर शेफर मध्येच येऊन चाखून जात आणि बोटांनी 'अजून थोडं' अशी खूण करत. आणि मला? मला शनिवारी सकाळी कढत पाण्याने विसळून पुसलं. बिअर माझ्यात आठवडाभर मुक्काम करते, तेव्हा जंतूंचं फावतं. सकाळी ओतलेलं पन्हं मात्र दुपारी संपणार होतं. तेवढ्यात ते बिचारे काय करतील?

शनिवारी मला अंगणातल्या मधल्या टेबलावर ठेवलं. माझी जुनी जागा. पोटात बर्फासकट गुलाबी-तपकिरी पन्हं. अनुपने उभं राहून सगळ्यांना खरं काय झालं ते सांगितलं, स्वतःचा विसरभोळेपणासुद्धा. लोक हसले, पण खेळीमेळीने. बिअर काय, दुकानात मिळतेच, कोणीतरी आधीच खोकं आणून ठेवलं होतं. हेर शेफर पुढे आले, माझ्या अंगावर दोनदा टकटक केलं आणि पहिला ग्लास भरून घोट घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"लेकर!" ते म्हणाले. म्हणजे झकास. मग नेहमीच्या सवयीने त्यांनी बोट दाखवलं, पण माझ्याकडे नाही. गयाबाईंकडे.

रांग लागली. अनुप नळापाशी उभा राहून ग्लास भरून द्यायला लागला, तसा गयाबाईंनी त्याचा हात धरला. "तू नको ओतू. ज्याचं त्याला घेऊ दे."

त्या माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या. रांगेत तळमजल्यावरची एक चिमुरडी होती. वाळूत खेळून आलेली, हात मळलेले. नळापाशी येऊन ती थबकली. आपण हात लावावा की नाही, हे तिला कळेना. तिने गयाबाईंकडे पाहिलं.

गयाबाईंना जर्मन येत नव्हतं आणि त्या मुलीला मराठी. "लाव हात, बाळा," गयाबाई म्हणाल्या. "फिरव. असा."

त्यांनी तिचा तो वाळूचा हात धरून नळावर ठेवला. नळ फिरला, पन्हं ग्लासात पडलं. मुलगी हसली. गयाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला आणि पुढच्याला म्हणाल्या, "लाव, लाव. तूही लाव." त्या दुपारी अंगणातल्या प्रत्येकाचा हात माझ्या नळाला लागला. त्या का रडल्या हे तिथे एकट्या मलाच माहीत होतं. आता तुम्हालाही आहे.

गयाबाई ठरल्या तारखेलाच परत गेल्या. तारेची घासणी मात्र इथेच ठेवून गेल्या, कढईसाठी. बिअरसाठी अनुपने नवा गेरआयमर आणला आहे. ते नवं पोरगं गुणी आहे, पण अजून शिकायचंय त्याला. मी तळघरात परत गेलेलो नाही. सणाला, वाढदिवसाला, अंगणातल्या प्रत्येक जेवणाला मला बोलावणं येतं. मला पिंप म्हटलं तरी आता मी ओ देतो.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी असेल, तर त्याला मऊ फडक्याने पुसा, आणि कसं पुसायचं ते घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कोणी मायेने चुकलंच, तर बोलण्याआधी एकदा नळामागे बघा. आणि मला टेबलावर ठेवाल तेव्हा नळ पुढच्या बाजूला करा. सगळ्यात बुटक्या मुलीचा हात पोहोचेल असा.